एका रिफची भाऊबंदकी

१/
४ ऑगस्ट १९६४. लंडनच्या ‘पाय रेकॉर्ड्स’ने ‘द किंक्स’ नावाच्या, तोवर फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या बँडची तिसरी तबकडी बाजारात आणली. गाण्याचे नाव ‘यू रिअली गॉट मी’, लांबी जेमतेम सव्वादोन मिनिटे. सप्टेंबरात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. बँडमध्ये दोन सख्खे भाऊ होते. रचनाकार म्हणून नाव लागले ते एकट्या थोरल्याचे. पुढची पाच दशके हे दोघे भाऊ त्या सव्वादोन मिनिटांचा हिशेब मांडत राहिले. #थ्रेड

२/
भाऊबंदकी म्हटली की आपल्यासमोर शेताचा बांध येतो, सामाईक विहीर येते, वाड्याच्या मधोमध उभी राहिलेली भिंत येते. येथे वाटणीला आलेली वस्तू म्हणजे गिटारवरचे पाच आघात. रॉक संगीतात अशा पुन:पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरबंधाला ‘रिफ’ म्हणतात. या गाण्याचा रिफ दोनच लगतच्या कॉर्डांवर उभा आहे. नवशिका मुलगाही तो तासाभरात बसवू शकेल. तरीही तो कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी ‘गाणे’ म्हणजे नेमके काय हे ठरवावे लागते, आणि तेथेच सारी गुंतागुंत आहे.

३/
आरंभ घरापासून करू. उत्तर लंडनमध्ये मसवेल हिलला लागून फोर्टिस ग्रीन नावाचा भाग आहे. तेथील डेन्मार्क टेरेसमधील ६ क्रमांकाच्या घरात फ्रेड आणि ॲनी डेव्हिस हे कष्टकरी दांपत्य राहत असे. त्यांना आठ अपत्ये. आधी ओळीने सहा मुली, मग रे (२१ जून १९४४) आणि शेंडेफळ डेव्ह (३ फेब्रुवारी १९४७). घराच्या दर्शनी खोलीत एक पियानो होता. शनिवारी रात्री समोरच्या ‘क्लिसोल्ड आर्म्स’ पबातून मंडळी घरी येत, पियानोभोवती कोंडाळे करून जुनी म्युझिक हॉलची गाणी म्हणत. बहिणी त्या काळची नवी नृत्यगीते वाजवत. त्या खोलीत गाणे कोणाचे, हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. ज्याला सूर सापडला त्याने तो उचलायचा, एवढाच रिवाज.

४/
या घरावरचा पहिला मोठा आघातही संगीताशी जोडलेला आहे. थोरल्या बहिणींपैकी रेनी हिचे हृदय लहानपणापासून दुबळे होते. १९५७च्या जून महिन्यात रेच्या तेराव्या वाढदिवशी तिने त्याला एक स्पॅनिश गिटार भेट दिली, त्याच्याबरोबर काही गाणी वाजवली, आणि त्याच रात्री लंडनच्या ‘लायसियम’ नृत्यगृहात नाचता नाचता ती कोसळून गेली. रेने हा प्रसंग आयुष्यभर पुन:पुन्हा सांगितला आहे. आधीच अबोल असलेला मुलगा त्यानंतर अधिकच आत वळला. धाकटा डेव्ह मात्र त्याच्या अगदी उलट: उघडा, दंगेखोर, हातात येईल ते जोराने वाजवणारा.

५/
शाळासोबती पीट क्वेफ बास गिटारवर आला आणि मुलांचा बँड परिसरात वाजवू लागला. नावे बदलत गेली. १९६३ सरता सरता ‘किंक्स’ हे नाव स्थिरावले. ढोलवादक मिक एव्हरी पुढच्या वर्षी आला. रॉबर्ट वेस आणि ग्रेनव्हिल कॉलिन्स हे दोन उच्चभ्रू तरुण व्यवस्थापक झाले, धंद्यातला मुरलेला लॅरी पेज त्यांना येऊन मिळाला आणि ‘पाय’साठी ध्वनिमुद्रणाची सूत्रे शेल टॅल्मी या अमेरिकी निर्मात्याकडे गेली. ही नावे लक्षात ठेवावीत, पुढे श्रेयाच्या यादीत ती भेटणार आहेत. पहिली तबकडी ४२व्या क्रमांकापर्यंत कशीबशी गेली, दुसरी कोठेच गेली नाही. तिसरी पडली असती तर बँडची कहाणी तेथेच संपली असती.

६/
आता मूळ मुद्दा. रेच्या सांगण्यानुसार हे गाणे त्याला घरच्या त्याच दर्शनी खोलीत, त्याच पियानोवर सुचले. त्याच्या मनात होते ते जाझ आणि ब्लूजच्या वळणाचे, काहीसे संथ आणि हलके गाणे. रिफही सॅक्सोफोनला शोभेल असा. शब्द त्याचे, चाल त्याची, कॉर्डांचे एकेक पायरीने वर चढत जाणेही त्याचे. वयाची विशी नुकतीच गाठलेला मुलगा आपल्या आवडत्या जुन्या कृष्णवर्णीय गायकांसारखे काहीतरी लिहू पाहत होता.

७/
त्याच सुमारास सतरा वर्षांचा डेव्ह वेगळ्याच उद्योगात होता. त्याने मसवेल हिलमधल्या रेडिओच्या दुकानातून ‘एल्पिको’ नावाचा एक छोटा हिरवा ॲम्प्लिफायर घेतला होता. शक्ती अवघी दहा वॅट, आवाज सपक. एके दिवशी रागाच्या भरात त्याने दाढीच्या पात्याने त्याच्या स्पीकरचा कागदी शंकू चिरला. गिटारची तार छेडताच चिरलेला कागद थरथरू लागला आणि आतून एक खरखरीत, गुरगुरणारा, फाटका आवाज बाहेर पडला. मग या चिमुकल्या एल्पिकोतून निघालेला आवाज त्याने ‘व्हॉक्स एसी-३०’ या मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये सोडला. त्या काळी स्वच्छ, गोड, घंटेसारखा नाद हे चांगल्या गिटारवादनाचे लक्षण मानले जाई. डेव्हने नेमके उलटे केले. पियानोवरचा रिफ या आवाजातून बाहेर पडला तेव्हा तो जाझ उरला नाही.

८/
इतिहासात नेमके सांगायचे तर हा असा पहिला प्रयोग नव्हे. फाटक्या स्पीकरचा आवाज अमेरिकेतील ब्लूज आणि रॉकॲबिली वादकांनी पन्नाशीच्या दशकातच तबकड्यांवर आणला होता. पण संपूर्ण गाणे त्या आवाजावर उभे करणे आणि ते ब्रिटनच्या यादीत शिखरावर नेणे, ही गोष्ट नवी होती.

९/
गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण ‘पाय’च्या स्वत:च्या स्टुडिओत झाले. टॅल्मीने त्यात भरपूर प्रतिध्वनी घातला, लय संथ ठेवली. रेला ते मुळीच पसंत पडले नाही. हा आमचा आवाज नव्हे, असे त्याचे म्हणणे. कंपनी दुसऱ्या ध्वनिमुद्रणाचे पैसे द्यायला तयार नव्हती. दोन अपयशी तबकड्यांनंतर तिने तरी का द्यावेत? रेने अडून बसून आपण या गाण्याचा प्रचारच करणार नाही असे बजावले. अखेर बँडच्या व्यवस्थापकांनी खर्च उचलला आणि जुलै १९६४मध्ये ‘आयबीसी’ स्टुडिओत गाणे नव्याने मुद्रित झाले. ढोल एव्हरीऐवजी बॉबी ग्रॅहम या व्यावसायिक वादकाने वाजवला. गिटार डेव्हची.

येथे एक गोष्ट सहसा निसटते. डेव्हचा फाटका आवाज तबकडीवर टिकला तो रेच्या हट्टामुळे. धाकट्याच्या शोधासाठी अख्ख्या कंपनीशी भांडला तो थोरलाच.

१०/
डेव्हच्या वाट्याला आणखी एक चमत्कारिक अन्याय आला. गाण्याच्या मध्यावरचे वेडेवाकडे, धडपडत धावणारे गिटारवादन त्याचे नसून जिमी पेजचे आहे, अशी वदंता पसरली. पेज (व्यवस्थापक लॅरी पेजशी याचे नाते नाही) तेव्हा लंडनमधील मागणी असलेला तरुण स्टुडिओवादक होता, किंक्सच्या पहिल्या अल्बममध्ये त्याने साथही केली होती. पुढे तो ‘लेड झेपेलिन’मुळे जगद्विख्यात झाला आणि वदंतेला बळ मिळाले. टॅल्मीने ती खोडून काढली, खुद्द पेजनेही नाकारली. तरी ती दशकानुदशके फिरत राहिली. रचनेत नाव नाही, आणि जे स्वत:च्या बोटांनी वाजवले तेही दुसऱ्याच्या खात्यावर जमा! डेव्हचा स्वभाव चिडका होता हे खरे, पण या बाबतीत चिडायला कारण होते.

११/
नाव न लागल्याने बिघडते काय? मानाचा प्रश्न आहेच, पण त्याआधी पैशाचा आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा १९५६चा स्वामित्वहक्क कायदा लागू होता. त्यातील तरतुदीनुसार तबकडीच्या किरकोळ विक्री किमतीच्या सव्वासहा टक्के रक्कम तीवरील संगीतकृतींच्या स्वामित्वधारकांकडे जाई. शिवाय गाणे रेडिओवर वाजले, सभागृहात कोणी गायले, दुसऱ्या कोणी नव्याने मुद्रित केले, तर दर वेळी रचनाकाराला आणि त्याच्या प्रकाशकाला वाटा. वादकाला मिळे तो कंपनीशी झालेल्या करारातला तुटपुंजा हिस्सा, तोही चौघांत विभागून. गोष्ट सोपी होती: गाणे पन्नास वर्षे चालले तर रचनाकार पन्नास वर्षे कमावतो, वादकाची कमाई त्याच्या स्वत:च्या मुद्रणापुरती.

१२/
मग रचनाकार कोण? कायदा ‘संगीतकृती’ आणि तिचे ‘ध्वनिमुद्रण’ या दोन वस्तू वेगळ्या मानतो. कृती म्हणजे जी कागदावर स्वरलिपीत उतरवता येईल, पियानोवर एकट्याने वाजवून दाखवता येईल ती. मुद्रण म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत जे घडले ते. त्याची मालकी सहसा कंपनीची. रागाच्या भरात चिरलेला स्पीकर या दोहोंपैकी कोठे बसतो? स्वरलिपीत त्याला चिन्ह नाही. तो चाल नाही, शब्द नाही, कॉर्डही नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे हे गाणे पहिल्या सेकंदात ओळखू येते, तीच कायद्याच्या दृष्टीने गाण्याचा भाग नाही.

आकाशवाणीवर निवेदक ‘गीत अमुक, संगीत तमुक’ एवढेच सांगून मोकळा होतो आणि साथीदार व संयोजक मौनात जातात, त्यातलाच हा प्रकार.

१३/
मात्र श्रेयाची ही काटेकोर व्याख्या सर्वांना सारखीच लागू होती, असे समजू नये. ऑक्टोबर १९६४मध्ये आलेला बँडचा पहिला अल्बम हातात घेऊन त्यातील श्रेयनावे वाचावीत. ‘रिव्हेंज’ या शब्दविरहित वाद्यरचनेवर रेच्या जोडीला नाव आहे व्यवस्थापक लॅरी पेजचे. पारंपरिक लोकगीतांच्या मुशीतील दोन गाण्यांचे रचनाश्रेय निर्माता शेल टॅल्मीच्या नावे आहे. व्यवस्थापक रचनाकार होऊ शकतो, निर्माता होऊ शकतो. गिटारवादक धाकटा भाऊ मात्र नाही. साठीच्या दशकात श्रेयाची ओळ हा केवळ प्रतिभेचा दाखला नव्हता, ती वाटाघाटीच्या टेबलावर कोण बसले होते याचीही नोंद होती. सतरा वर्षांच्या डेव्हला त्या टेबलाशी खुर्ची नव्हती.

१४/
१९६५च्या ‘किंडा किंक्स’मध्ये एका गाण्यावर प्रथमच दोघा भावांची नावे शेजारी आली. अधूनमधून डेव्हचे स्वत:चे एखादे गाणेही अल्बमच्या कोपऱ्यात झळकू लागले. पण गाडा ओढत होता रे. पहिल्या क्रमांकाची आणखी दोन गाणी, ‘टायर्ड ऑफ वेटिंग फॉर यू’ (१९६५) आणि ‘सनी आफ्टरनून’ (१९६६), दोन्ही त्याचीच. कंपनीला दर दोन-तीन महिन्यांनी नवी तबकडी हवी असे, आणि विशीतला हा मुलगा ती एकट्याने पुरवत होता. रेची बाजू मांडायची तर ती येथे सर्वांत भक्कम आहे.

१५/
याच वर्षी या कहाणीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. जानेवारी १९६५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना बँडचा मुक्काम मुंबईत पडला. पहाटे रेला समुद्राच्या बाजूने माणसांच्या गाण्याचा आवाज आला: कामावर निघालेले मासेमार एका सुरात काहीतरी म्हणत चालले होते. तो सूर त्याच्या डोक्यात बसला आणि त्यातून ‘सी माय फ्रेंड्स’ जन्मले. एकाच स्वरावर रेंगाळणारा आवाज, तंबोऱ्यासारखी गुणगुणणारी गिटार. जुलै १९६५च्या अखेरीस ते प्रसिद्ध झाले, म्हणजे बीटल्सच्या तबकडीवर सतार वाजण्याच्या काही महिने आधी. पाश्चात्त्य पॉपमध्ये भारतीय सुरावटीचा वावर शोधणारे अभ्यासक आज या गाण्यापाशी हटकून थांबतात. गाण्यातील विरहामागे रेनीची आठवण होती, असे रेने पुढे सांगितले.

१६/
‘सी माय फ्रेंड्स’चे रचनाकार: रे डेव्हिस. किनाऱ्यावरच्या त्या मासेमारांचे नाव कोठे लागण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची चाल कोणी जशीच्या तशी उचललेली नाही. उचलला तो एक भास, नादाचा पोत. पण हाच शब्द, पोत, डेव्हच्या हिरव्या ॲम्प्लिफायरलाही लागू पडतो. कानाला सर्वांत आधी भिडणारी गोष्ट श्रेयाच्या ओळीत सर्वांत शेवटी येते, किंवा येतच नाही.

१७/
१९ मे १९६५ रोजी कार्डिफला भर मंचावर डेव्ह आणि एव्हरी यांच्यात जुंपली, एव्हरीने झांजेचा लोखंडी स्टँड डेव्हच्या डोक्यात घातला आणि तो रक्तबंबाळ झाला. त्याच वर्षीपासून अमेरिकेत या बँडला १९६९पर्यंत वाजवता आले नाही. बँडचा स्वभाव कळावा म्हणून एवढे पुरे.

१८/
१९६७ साली पारडे क्षणभर डेव्हकडे झुकले. ‘डेथ ऑफ अ क्लाउन’ हे गाणे त्याच्या स्वत:च्या नावाने तबकडीवर आले आणि थेट तिसऱ्या क्रमांकावर गेले. रोजच्या दौऱ्यांना आणि मंचावरच्या माकडचेष्टांना विटलेल्या वादकाचे ते गाणे, डेव्हला ते आईच्या घरच्या पियानोवर सुचले. पण त्यातील मधला तुकडा, रेची पत्नी रासा हिच्या आवाजातील ती शब्दहीन तान, रेने घातलेली. श्रेय दोघांच्या नावे. गंमत पाहावी: धाकट्याच्या गाण्यात थोरल्याने एक तुकडा जोडला तर नाव जोडले गेले, थोरल्याच्या गाण्याला धाकट्याने त्याचा अख्खा चेहरा दिला तेव्हा ते जोडले गेले नव्हते. तुकडा स्वरांचा होता, चेहरा आवाजाचा. कायद्याला ही तफावत तर्कशुद्ध वाटते. घरात ती तशी वाटत नाही.

१९/
ज्याचे नाव लागले तो सुखी होता का? तसेही नाही. रेची गाणी प्रकाशनकरारांच्या जाळ्यात अडकली, व्यवस्थापक आणि प्रकाशक एकमेकांवर न्यायालयात गेले, आणि रचनाकाराच्या वाट्याचा पैसा वर्षानुवर्षे गोठून राहिला. त्यातील ‘डेन्मार्क प्रॉडक्शन्स विरुद्ध बॉस्कोबेल’ हा खटला इंग्लंडच्या करारकायद्याच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आहे. १९७०च्या ‘द मनीगोराउंड’ या गाण्यात रेने व्यवस्थापकांना चक्क नावानिशी हजर केले. (हिशेब चुकता करण्याची ही पद्धत कोणत्याही वकिलापेक्षा स्वस्त पडली असावी.) त्याच अल्बममध्ये डेव्हचे ‘स्ट्रेंजर्स’ आहे, त्याच्या नावे असलेल्या गाण्यांतील कदाचित सर्वांत सुंदर. २००७ साली वेस अँडरसनने भारतातून आगगाडीने फिरणाऱ्या तीन भावांवरील आपल्या ‘द दार्जिलिंग लिमिटेड’ चित्रपटात ते वापरले.

२०/
कायद्याच्या व्याख्येत राहून इतर वादकांनी झुंजून पाहिले आहे. ‘स्पँडाउ बॅले’च्या तिघा सदस्यांनी रचनाकार गॅरी केम्पवर दावा लावला, त्याचा सख्खा भाऊ मार्टिन त्याच बँडमध्ये बास वाजवत असे, पण तो दाव्यात उतरला नाही. १९९९मध्ये न्यायमूर्ती पार्क यांनी निकाल दिला: गाणी केम्पच्या मनात आधीच पूर्ण होती, इतरांनी त्यात भर घातली ती सादरीकरणाची, रचनेची नव्हे. सॅक्सोफोनवरचा उत्स्फूर्त तुकडाही तेवढ्याने सहरचना ठरत नाही. हा निकाल किंक्सच्या गाण्यावर ठेवून पाहिला तर डेव्हच्या हाती काहीच लागत नाही.

२१/
दहा वर्षांनी वारे फिरले. ‘प्रोकोल हॅरम’च्या १९६७च्या विख्यात गाण्यातील ऑर्गनची धून वाजवणारा मॅथ्यू फिशर २००५मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी, न्यायालयात गेला. पहिल्या न्यायालयाने त्याला संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला, अपील न्यायालयाने विलंबाच्या कारणावरून तो काढून घेतला, आणि ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तो परत दिला. फरक कोठे पडला? फिशरची भर स्वरलिपीत उतरवता येत होती. वेगळी धून होती, कागदावर मांडून दाखवता येत होती. कागदाचे राज्य मात्र अबाधितच राहिले.

२२/
या राज्यातील विनोद पाहायचा तर १९७८ सालात यावे. ‘व्हॅन हेलन’ या अमेरिकी बँडने पहिलीच तबकडी काढली ती ‘यू रिअली गॉट मी’ची. हाही दोन भावांचा बँड. एडी व्हॅन हेलनने गिटारवर जो आगडोंब उसळवला त्यावर एक पिढी फिदा झाली. रचनाकाराचा वाटा अर्थातच रेकडे गेला. गिटारमुळे गाजलेल्या गाण्याचे गिटारमुळे गाजलेले दुसरे रूप, आणि पैसे पियानोवर गाणे लिहिणाऱ्याला! त्यात गैर काही नाही. पण हे वाचून डेव्हच्या जागी स्वत:ला कल्पून पाहावे.

२३/
आता साधनांकडे वळू. या वादाचे दस्तऐवज म्हणजे दोन आत्मचरित्रे, दोन्ही घटनेनंतर तीस वर्षांनी लिहिलेली. रेचे ‘एक्स-रे’ (१९९४) तर साधनचिकित्सेचा धडाच आहे: भविष्यकाळातील एक तरुण म्हाताऱ्या रेची मुलाखत घेतो आहे, अशी त्याची कादंबरीवजा रचना. लेखकानेच आपल्या साक्षीवर काल्पनिक बुरखा पांघरलेला. डेव्हचे ‘किंक’ (१९९६) नेमके उलट्या प्रकृतीचे. सरळ, भडक, दुखावलेले. आपल्या वाट्याचे श्रेय आपल्याला कधीच मिळाले नाही, हा त्यातील ठसठसता सूर. ज्या वर्षी ‘किंक’ आले त्याच वर्षी बँडचे वादन थांबले. पुढच्या वर्षी डेव्हच्या पन्नासाव्या वाढदिवसाची मेजवानी रेने दिली, आणि डेव्हच्या सांगण्यानुसार, त्याच मेजवानीत रेने केक पायाखाली तुडवला.

२४/
२०१४मध्ये किंक्सच्या कहाणीवरील ‘सनी आफ्टरनून’ ही संगीतिका लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरात आली; मूळ कथाकल्पना रेची. पुढे तिला ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. त्या फाटक्या आवाजाची गोष्ट रे वेगवेगळ्या प्रसंगी सांगे तेव्हा त्यात विणकामाच्या सुया येत, त्या स्पीकरमध्ये खुपसल्या गेल्या असे येई, आणि करणारे हात कधी ‘आमचे’ होत. डेव्हचा संयम सुटला. त्याने जाहीर निवेदन काढले: भाऊ खोटे बोलतो आहे. ॲम्प्लिफायर माझा, पाते माझे, तो आवाज मी एकट्याने घडवला.

२५/
ऐतिहासिक साधन म्हणून हे निवेदन अमोल आहे, कारण संतापाच्या भरात त्यात एक कबुलीही आली. त्यात डेव्ह स्वत:च म्हणतो की रेने पियानोवर एक रिफ लिहिला होता, तोच गाण्याचा पाया ठरला, आणि आपण तो आपल्या नव्या आवाजात गिटारवर वाजवला. आपल्या हितसंबंधांच्या विरुद्ध जाणारी साक्ष सहसा विश्वासार्ह मानावी, हा इतिहासलेखनातील जुना नियम. तो येथे लावला तर वादाचा निम्मा भाग मिटतो: स्वरबंध रेचा. उरलेला निम्मा भाग, म्हणजे नाद कोणाचा, तोही मिटायला हरकत नाही. पात्याची हकीकत डेव्हने आरंभापासून सांगितली आहे, त्याच्या हातातील गिटार तबकडीवर आहे. विणकामाच्या सुया या नाटकी कथनाला शोभणारा तपशील वाटतात.

२६/
म्हणजे भांडण रिफच्या मालकीचे नव्हतेच. दोघांच्या साक्षी शेजारी ठेवल्या तर त्या जवळपास एकमेकींत बसतात. रेला कायद्याने आधीच सर्व काही मिळालेले होते. तरी स्पीकरच्या गोष्टीतही त्याला हात हवा होता. का? कारण त्यालाही पुरेपूर ठाऊक असणार की जगाने जे ऐकले ते त्या स्पीकरमधून. आणि डेव्हला रचनेतील ओळ मिळणे शक्य नव्हते, म्हणून ज्याला ओळच नाही असा तो आवाज त्याने प्राणपणाने राखला. रेने निदान तेवढा तरी धाकट्याकडे निर्विवाद ठेवायला हवा होता.

२७/
अमेरिकेतील ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’च्या फॉगर्टी बंधूंचे उदाहरण यासोबत वाचण्याजोगे आहे. आरंभी गायक होता थोरला टॉम. तेव्हाच्या गाण्यांवर दोघे भाऊ रँन वाइल्ड आणि टोबी ग्रीन अशी टोपणनावे जोडीने लावत. मग धाकट्या जॉनची प्रतिभा उफाळली, गाजलेली गाणी एकट्या त्याच्या नावे आली, टॉम मागच्या गिटारवर सरकला आणि १९७१मध्ये बाहेर पडला. तेथे श्रेय चुकीचे होते असे कोणी फारसे म्हणत नाही. तरीही १९९० साली टॉम गेला तेव्हा भावांतील दुरावा मिटलेला नव्हता.

२८/
२००४च्या जानेवारीत न्यू ऑर्लिअन्समध्ये चोरट्यांचा पाठलाग करताना रेच्या पायात गोळी लागली. त्याच वर्षी जूनअखेर डेव्हला पक्षाघाताचा झटका आला. बोलणे, चालणे आणि गिटारवर बोटे ठेवणे त्याला नव्याने शिकावे लागले. २०१०मध्ये पीट क्वेफ गेला. २०१७मध्ये रे ‘सर’ झाला. डेव्हने २०२२मध्ये दुसरे आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव त्याने स्वत:च्याच एका गाण्यावरून घेतले: ‘लिव्हिंग ऑन अ थिन लाइन’.

२९/
या सगळ्याच्या मध्ये एक तारीख आहे. १८ डिसेंबर २०१५, लंडनचे इस्लिंग्टन असेंब्ली हॉल. कार्यक्रम डेव्हचा होता. शेवटाकडे रे मंचावर आला. जवळपास वीस वर्षांत दोघे भाऊ प्रेक्षकांसमोर एकत्र उभे राहिले नव्हते. एकच गाणे झाले, ‘यू रिअली गॉट मी’. गायला रे, रिफ वाजवला डेव्हने.